ताप आला त्याच दिवशी: जंगलातला मलेरिया आणि चोवीस तासांचं गणित

(आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. रेंज नसेल, डेटा संपला असेल, तर वाचून घ्या.)

आजचा विषय आहे मलेरिया. सरकारी कागदावर हिवताप, गावात थंडीताप. थांबा, लगेच पुढे ढकलू नका. शाळेतला "साचलेल्या पाण्यात डास होतात" हा धडा मी परत वाचून दाखवणार नाहीये.

आधी एक प्रश्न. तुम्हाला ताप आला की तुम्ही काय करता? आपल्यातले बहुतेक जण एक पॅरासिटामॉल घेतात, पांघरूण ओढतात आणि म्हणतात, "दोन दिवस बघू." शहरात हे बऱ्याचदा खपून जातं. पण आता जागा बदला. गडचिरोली जिल्हा, भामरागड किंवा एटापल्ली तालुका, डोंगराच्या कुशीतला पंधरा-वीस घरांचा टोला. ऑगस्ट महिना. चार वर्षांच्या पोराला ताप भरलाय आणि घरचे म्हणतात, "दोन दिवस बघू." वाक्य तेच. पण तिथे हे दोन दिवस त्या पोराच्या जिवावर बेतू शकतात.

असं का, हेच आज बोलायचंय.

मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहिते. आमच्या कामात एक शब्द सारखा कानावर पडतो, लेटन्सी. तुम्ही बटण दाबलं तेव्हापासून उत्तर येईपर्यंत किती वेळ गेला, ती लेटन्सी. मलेरियाबद्दल वाचायला लागले तसं माझ्या लक्षात आलं की जंगलातल्या मलेरियाची गोष्ट बरीचशी या एकाच आकड्याची आहे. ताप आला तेव्हापासून औषधाचा पहिला डोस पोटात जाईपर्यंत किती तास गेले? एवढंच. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. त्यामुळे कुठल्या गोळ्या किती, हे मी सांगणार नाही, ते तुमचा डॉक्टर नाहीतर आशाताई सांगतील. पण हे घड्याळ कसं चालतं, ते समजून घेऊ.

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारचे मलेरिया सापडतात. एक व्हायवॅक्स, दुसरा फॅल्सिपॅरम. जीव घेणारा म्हणून ज्याची भीती जास्त, तो फॅल्सिपॅरम. जंगलपट्ट्यात त्याचं प्रमाण जास्त असतं. अ‍ॅनॉफिलीस जातीची मादी चावते, तिच्या लाळेतून परजीवी आपल्या शरीरात येतो आणि थेट यकृतात जाऊन बसतो. तिथे साधारण आठवडाभर तो गुपचूप वाढतो. तुम्हाला काही म्हणजे काही जाणवत नाही. मग तो रक्तात उतरतो, तांबड्या पेशींत शिरतो, आणि साधारण दर ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो. एकाचे पंधरा-वीस होतात, ते नव्या पेशींत शिरतात, परत फोडतात. आता "दोन दिवस बघू" म्हणजे काय, ते कळलं? त्या दोन दिवसांत एक अख्खी फेरी पूर्ण झाली.

फॅल्सिपॅरमचा आणखी एक वाईट गुण आहे. त्याने धरलेल्या पेशी चिकट होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. हे मेंदूत झालं की त्याला आपण मेंदूचा मलेरिया म्हणतो. झटके येतात, माणूस बेशुद्ध होतो. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की फॅल्सिपॅरमवर २४ तासांत उपचार सुरू झाले नाहीत, तर आजार गंभीर होऊन माणूस दगावू शकतो. लहान मुलं आणि गरोदर बायका यांना धोका सगळ्यात जास्त.

हे झालं पहिलं घड्याळ. ते रोग्यासाठी. पण दुसरंही एक घड्याळ चालू असतं, ते गावासाठी, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. रक्तातले काही परजीवी वेगळं रूप घेतात. हे रूप माणसाला त्रास देत नाही, ते डासाची वाट बघत बसतं. फॅल्सिपॅरममध्ये हे रूप तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात. त्यानंतर त्या माणसाला चावलेला डास आजार पुढे नेऊ शकतो. म्हणजे पहिल्याच दिवशी तपासणी झाली आणि औषध सुरू झालं, तर ते पोर वाचतंच, शिवाय शेजारच्या घराकडे जाणारी साखळीही बऱ्यापैकी तुटते. आठ-दहा दिवस अंगावर काढले, तर तेच घर टोल्यातल्या सगळ्या डासांचं चार्जिंग स्टेशन होतं.

आता थोडे आकडे. आदिवासी आरोग्यासाठी केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली होती, डॉ. अभय बंग तिचे अध्यक्ष होते. २०१८ साली तिचा अहवाल आला. त्यात म्हटलंय की देशाच्या लोकसंख्येत आदिवासी साधारण ८.६ टक्के. पण मलेरियाच्या एकूण रुग्णांत त्यांचा वाटा ३० टक्के, फॅल्सिपॅरमच्या रुग्णांत ६० टक्क्यांहून जास्त, आणि मलेरियाच्या मृत्यूंत ५० टक्क्यांपर्यंत. परत ऐका. शंभरातले नऊसुद्धा नाहीत, आणि मरणाऱ्यांत निम्मे.

हे ऐकल्यावर शहरातला माणूस एक उत्तर पटकन देतो: "अडाणी आहेत हो, पुजाऱ्याकडे जातात, अंधश्रद्धा." हे उत्तर मला पटत नाही. का ते सांगते.

रात्रीचे दोन वाजलेत, पोर तापाने फणफणतंय. पुजारी कुठे आहे? चार घरं सोडून. तो माडिया बोलतो, घरच्यांना नावाने ओळखतो, हाक मारली की उठून येतो. आरोग्य केंद्र कुठे आहे? दहा-पंधरा किलोमीटर लांब, मध्ये नाला, नाल्याला पाणी. भामरागडजवळ पर्लकोटा नदीचा पूल पाण्याखाली गेला, शेकडो गावांचा संपर्क तुटला, ही बातमी तुम्ही कितीतरी पावसाळ्यांत वाचली असेल. आणि समजा पोचलातच, तर समोरचा माणूस मराठी किंवा हिंदी बोलणार. आमच्या भाषेत सांगायचं, तर जो सर्व्हर जवळ आहे आणि लगेच उत्तर देतो, लोक त्याच्याकडेच जाणार. तुम्ही-आम्हीही तेच करतो. रात्री दोन वाजता आपण तरी मोठ्या दवाखान्यात जातो का? कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला उठवतो.

म्हणून पुजाऱ्याला शत्रू समजण्यात काही अर्थ नाही. त्याला सोबत घ्यायचं. तू तुझं कर, पण त्याच रात्री आशाताईला बोलाव, एवढं तो म्हणाला तरी खूप झालं. कारण आशाताईकडे एक भारी गोष्ट असते. छोटी रॅपिड किट. बोटातून एक थेंब रक्त, पंधरा-वीस मिनिटं, आणि मलेरिया आहे की नाही, व्हायवॅक्स की फॅल्सिपॅरम, हे अंगणात बसून कळतं. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको, काचपट्टी तालुक्याला पाठवून रिपोर्टची वाट बघणं नको. लेटन्सी काही दिवसांवरून वीस मिनिटांवर. औषधाचा पहिला डोसही तिथेच मिळू शकतो. ज्या टोल्यावर किट आणि गोळ्या शिल्लक आहेत, तिथे चोवीस तासांचं गणित जमतं. जिथे संपल्यात, तिथे कितीही पोस्टर लावा, काही उपयोग नाही.

आता डासाबद्दल. मुंबईतही मलेरिया भरपूर आहे, पण तिथला डास वेगळा. तो गच्चीवरच्या टाक्यांत, बांधकामाच्या जागी साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. टाकीला झाकण लावलं की अर्धं काम झालं. जंगलपट्ट्यातले डास असतात मुख्यतः दोन. एक संथ वाहणाऱ्या नाल्याच्या कडेला, गवताच्या आडोशाला वाढतो. दुसरा नदीपात्रातली डबकी, धानाची बांधी, अगदी गुराच्या खुरांच्या खड्ड्यातसुद्धा. आता सांगा, नाल्याला झाकण कुठून लावणार? म्हणून "पाणी साचू देऊ नका" हा शहरी सल्ला तिथे फार लांब जात नाही. बोडीत, विहिरीत गप्पी मासे सोडणं उपयोगी आहे, जरूर करा. पण मुख्य भिस्त दोन गोष्टींवर: मच्छरदाणी आणि भिंतींवरची फवारणी.

मच्छरदाणीचं बघा. सरकारकडून जी मिळते तिच्या धाग्यातच कीटकनाशक असतं. डास नुसता अडत नाही, जाळीवर बसला की मरतो. पिशवीतून काढल्यावर एक दिवस सावलीत पसरून ठेवायची, मग वापरायची. साध्या साबणाने हलक्या हाताने धुवायची, सारखी सारखी नाही, आणि वाळवायची सावलीतच. कडक उन्हात घातली की औषध लवकर उतरतं. साधारण वीस धुण्यांपर्यंत, म्हणजे तीनेक वर्षं टिकते. आणि ती मासे धरायला वापरू नका, औषध पाण्यात उतरतं.

पण इथेही जगणं समजून घ्यायला हवं. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम, लोक पहाटे जंगलात. पावसाळ्यानंतर धान उभं राहिलं की रात्री शेतावर जागल. उकाड्यात झोपणं अंगणात. डास चावतो संध्याकाळ ते पहाट, आणि त्या वेळी माणूस घरात, खाटेवर, चार खुंट्यांमध्ये असेलच असं नाही. म्हणून जागलीला जाताना चादरीसोबत मच्छरदाणीही गुंडाळून न्यायची, माचाच्या चार बांबूंना बांधायची. अंगणात झोपताय? तिथेही बांधा. घरात एकच असेल, तर आधी पोरं आणि गरोदर बाई.

फवारणीची गोष्ट तर अजूनच गमतीची. फवारणीवाले येतात, भिंतींवर औषध मारतात. डास रक्त पिऊन जड झाला की भिंतीवर टेकतो, तिथेच मरतो. पण आपल्याकडे सण आला की घर सारवायचं, भिंतींना माती-शेण लावायचं. घर अगदी स्वच्छ दिसतं, आणि औषध गेलं मातीखाली! ज्या बाईने हे केलं तिची काही चूक नाही, तिला कोणी सांगितलंच नसतं. म्हणून सांगायचं, आधी सारवा, मग फवारणी करून घ्या, आणि पुढचे अडीच-तीन महिने त्या भिंतीला हात लावू नका. आणि फवारणी झोपायच्या खोलीतही करू द्या. नुसता बाहेरचा पडवीचा भाग दाखवून परत पाठवू नका.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात अवघड वाटते. ताप नसलेला मलेरिया. जिथे वर्षानुवर्षं मलेरिया आहे, तिथल्या मोठ्या माणसांच्या शरीराला थोडी सवय झालेली असते. रक्तात परजीवी असतो, पण ताप नाही. माणूस धडधाकट, शेतात जातो, लाकडं आणतो, आणि डास त्याच्याकडून परजीवी घेऊन पाळण्यातल्या बाळाकडे जातो. आपण फक्त तापवाल्यांची तपासणी करत बसलो, तर हा साठा कधीच दिसणार नाही. जी चूक लॉगमध्ये दिसत नाही, ती सिस्टिममध्ये नाहीच, असं थोडंच असतं?

ओडिशाने हे ओळखून २०१७ मध्ये दुर्गम भागांत 'दमन' नावाची मोहीम सुरू केली. ताप असो नसो, गावातल्या सगळ्यांची तपासणी, जो पॉझिटिव्ह निघेल त्याला औषध. छत्तीसगडने जानेवारी २०२० मध्ये 'मलेरियामुक्त बस्तर' मोहीम सुरू केली, घरोघरी जाऊन. पहिल्या फेरीत जे पॉझिटिव्ह निघाले, त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना काही लक्षणंच नव्हती. आणि हे बस्तर कुठे आहे? भामरागडहून इंद्रावतीच्या पलीकडे. नदीच्या दोन्ही काठांवर सोयरीक आहे, बाजार आहे, ये-जा आहे. डासाला राज्याची हद्द कळत नाही. त्यामुळे एका काठाने केलेलं काम दुसऱ्या काठाने केलं नाही, तर दोन्हीकडचं वाया जातं.

आता स्वतःला त्या माणसाच्या जागी ठेवा. तुम्ही ठणठणीत आहात. कोणीतरी येतं, बोटाला टोचतं, म्हणतं तुम्हाला मलेरिया आहे, गोळ्या घ्या. तुम्ही घ्याल? "मला काय झालंय?" असंच म्हणाल ना! इथे खरी जनजागृती लागते. "या गोळ्या तुझ्यासाठी कमी, तुझ्या नातवासाठी जास्त", हे त्याच्या भाषेत, त्याच्या माणसाने सांगायला लागतं.

अर्धवट डोसचंही तसंच. फॅल्सिपॅरमची मुख्य औषधं साधारण तीन दिवसांची. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या आढ्याला खोचल्या जातात, "पुढच्या वेळी कामाला येतील" म्हणून. व्हायवॅक्स तर यकृतात लपून बसतो, महिन्यांनी परत उठतो, म्हणून त्याची एक गोळी चौदा दिवस चालते. ती गरोदर बायकांना आणि अगदी तान्ह्या बाळांना देत नाहीत. आणि काही लोकांच्या रक्तात जन्मजात एका घटकाची कमतरता असते, त्यांना ती सोसत नाही. गोळ्या चालू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली, तर गोळी थांबवून लगेच आरोग्य केंद्र गाठायचं. म्हणूनच दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत.

आता तुमच्यातले निम्मे म्हणतील, "ताई, एक अ‍ॅप बनवू या का?" माझ्याच व्यवसायातला प्रश्न, म्हणून सरळ उत्तर देते. अ‍ॅपने डास मरत नाही. जिथे नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते, तिथे अ‍ॅप लोकांसाठी नको. बनवायचंच असेल तर किट आणि गोळ्यांचा साठा कुठल्या गावात संपत आलाय, हे नेटवर्क नसतानाही नोंदवून ठेवणारं आणि रेंज आली की तालुक्याला कळवणारं साधं काहीतरी बनवा. पडद्यावर दोन बटणं असली तरी पुरे.

पण त्याहून स्वस्त आणि भारी साधन तुमच्या खिशात आत्ता आहे, तुमचा आवाज. माझे काही श्रोते आश्रमशाळेत शिकून आता गडचिरोलीला, चंद्रपूरला, नागपूरला कॉलेजात आहेत. तुमची आजी माडिया बोलते, गोंडी बोलते, कोरकू बोलते. सरकारी पोस्टर मराठीत आहे. मधली जागा तुमची आहे. दोन मिनिटांची व्हॉइस नोट रेकॉर्ड करा, आपल्या बोलीत. त्यात तीनच गोष्टी. एक, ताप आला त्याच दिवशी रक्त तपासा, मग पुजाऱ्याकडे जायचं तर जा. दोन, गोळ्या शेवटच्या गोळीपर्यंत घ्या. तीन, मच्छरदाणी जागलीलाही न्या. ती गावात जाणाऱ्या मित्राच्या फोनमध्ये ब्लूटूथने टाका, तो गोटुलात चार लोकांत वाजवेल. तुमच्या आजीला अनोळखी बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज कशाला हवाय? तिला नातीचा आवाज ऐकू द्या.

आणि जे त्या भागात फिरायला, नोकरीला, खाणीच्या किंवा रस्त्याच्या कामाला, निवडणूक ड्युटीला जाता, तुमच्यासाठी. तुमच्या शरीराला तिथल्या मलेरियाची सवय नाही, त्यामुळे तुम्हाला तो जास्त जोरात धरू शकतो. जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. परत आल्यावर पुढचे दोन-तीन महिने कधीही ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: "मी जंगलभागात जाऊन आलोय." शहरातल्या डॉक्टरच्या डोक्यात आधी डेंग्यू आणि व्हायरल येतं. तुमच्या या एका वाक्याने दोन दिवस वाचतील.

शेवटी थोडा इतिहास. देशात १९५३ साली मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा वर्षाला कोट्यवधी रुग्ण असायचे. १९६५ च्या आसपास आकडा साधारण एक लाखावर आला. सगळ्यांना वाटलं, संपला! लक्ष उडालं, आणि १९७६ मध्ये रुग्ण परत चौसष्ट लाखांवर गेले. आता २०३० पर्यंत देशातून मलेरिया हद्दपार करायचं ठरलंय. आकडे पुन्हा खाली आलेत. पण जे उरलंय ते नेमकं त्या टोल्यांवर उरलंय, जिथे पोचायला वेळ लागतो आणि जिथली बोली आपल्याला येत नाही. साठच्या दशकात जे झालं, ते शेवटच्या टप्प्यात हात सैल सोडल्यामुळे झालं.

तर आज एवढंच लक्षात ठेवा: ताप आला त्याच दिवशी रक्त तपासायचं. आणि व्हॉइस नोट केलीत तर मलाही पाठवा. मला माडिया कळत नाही, पण ज्यांना कळते त्यांच्यापर्यंत ती पोचवायला मी मदत करीन.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि मच्छरदाणी लावून झोपा!